कांचेचें गांव टकोमा

परदेशवारी करून आलेल्या मनुष्याकडून आपल्याकडील मंडळींची अपेक्षा ठरलेली असते. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, नायगाराचा प्रपात आणि वॉशिंग्टनचें श्वेतभवन एवढ्यांचें वर्णन झालें कीं श्रोत्यांचें समाधान होतें. आम्हीं ह्या तिहींपैकीं एकहि पाहिलें नाहीं. आमचा भाचा अमेरिकेच्या अगदीं वायव्य कोपऱ्यांत, सिॲटल शहरानजीक, संगणकाच्या धंद्यांत नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तिकडे दोन महिने राहून आलों, आणि तेवढ्या मुदतींत जें कांहीं पाहिलें त्यांतील एकाच गोष्टीविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे. ती गोष्ट म्हणजे कांच.

कांच आपणांस नवी नाहीं. सुवासिनीच्या हातांतील काकणें, जुन्या वाड्यांतील हंड्या-झुंबरें आणि कंदिलाची चिमणी ह्या रूपांनीं ती आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या नांदत आली. १९०८ सालीं तळेगांवास पैसाफंडाचा कारखाना निघाला आणि मागाहून ओगले बंधूंनीं ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोंचविला, तेव्हां मराठी मनुष्याचा ह्या धंद्याशीं संबंध नाहीं असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं. परंतु शिल्पाचें द्रव्य म्हणून कांचेकडे पाहण्याची आपल्याला संवय नाहीं. मूर्ति घडवावयाची ती पाषाणाची, लांकडाची किंवा पंचरशी धातूची. कांच फुटते, आणि फुटकी कांच घरांत ठेवूं नये हा तर आपला दंडकच. अशा फुटणाऱ्या पदार्थावर एका गृहस्थानें आपलें सारें आयुष्य लावावें, त्यापायीं त्याच्या नांवाचें संग्रहालय उभें राहावें आणि एका बंदराच्या गांवाचें रूप पालटून जावें, हें ऐकून आम्हांला प्रथम थोडें नवलच वाटलें. त्या गृहस्थाचें नांव डेल चिहूली.

सिॲटलमध्यें १९६२ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं उभारलेला ‘स्पेस नीडल’ नांवाचा ६०५ फूट उंचीचा मनोरा आहे. त्याच्या पायथ्याशीं पूर्वीं मुलांच्या पाळण्या-चक्रांची जत्रा भरे. त्या जागीं मे २०१२ मध्यें चिहूलींच्या कामाचें संग्रहालय आणि उद्यान उघडलें. सार्वजनिक जागेवर तिकीट लावून एकाच कलावंताचें प्रदर्शन मांडावें कीं तेथें मोकळी हिरवळ राखावी, ह्यावर गांवांत बराच वाद झाला होता, असें भाच्यानें सांगितलें. तिकिटाचा आंकडा रुपयांत मांडून पाहिल्यावर क्षणभर आम्हांला हिरवळवाल्यांचा पक्ष पटला, हें कबूल केलें पाहिजे.

आंत गेल्यावर एकामागून एक अंधाऱ्या दालनांत दिव्यांच्या झोतांखालीं कांचेचे आकार उभे असतात. एका दालनाच्या छतावर पारदर्शक कांच घालून तिच्यावर शेंकडों रंगीबेरंगी शिंपलेवजा तबकें पसरलेलीं आहेत. लोक मान वर करून त्यांतून झिरपणारा रंग पाहतात, आणि पांढऱ्या भिंतींवरहि तांबड्या-निळ्या छाया पडतात. पलीकडे दोन लांकडी होड्या. एक फुलांसारख्या लांब देठांनीं आणि दुसरी मोठमोठ्या गोळ्यांनीं भरलेली. होड्यांची हकीकत मौजेची आहे. १९९५ सालीं फिनलंडमधील नूताजार्वी नांवाच्या खेड्यांत काम चाललें असतां चिहूलींनीं पुलावरून कांचेचे आकार नदींत टाकून पाहिले. ते तरंगत चालले, तेव्हां गांवचीं मुलें होड्या घेऊन ते गोळा करूं लागलीं. भरलेल्या होड्या पाहून त्यांना ही मांडणी सुचली.

सर्वांत शेवटीं कांचगृह लागतें. पोलादाची चौकट आणि कांचेच्या भिंती असलेली ही चाळीस फूट उंचीची इमारत. लहानपणीं आपण ज्याचीं चित्रें पाहिलीं तो लंडनचा स्फटिकप्रासाद, म्हणजे १८५१ सालीं उभारलेला आणि १९३६ सालीं जळून गेलेला ‘क्रिस्टल पॅलेस’, आणि पॅरिसमधील सॅंत शापेल हें रंगीत कांचांचें प्रार्थनामंदिर, ह्या दोन वास्तूंवर चिहूलींचें फार प्रेम. त्यांची आठवण ठेवून ही वास्तु बांधली आहे. छताखालीं सुमारें शंभर फूट लांबीची तांबड्या, नारिंगी व पिवळ्या फुलांची रांग लोंबत असते, आणि तिच्यामागें कांचेतून तो मनोरा दिसतो. आमच्या सौभाग्यवती येथें बराच वेळ थांबल्या. आमचें म्हणाल तर, कांहीं दालनांत आम्हांला श्रीमंताघरच्या लग्नमांडवाची आठवण झाली. जेथें एक झुंबर पुरें तेथें पांच, आणि जेथें दोन रंग शोभतील तेथें पंधरा. पण ह्या कांचगृहांत ती तक्रार मनांतून गेली. बाहेर सिॲटलचें नेहमींचें करड्या रंगाचें आभाळ होतें. वर्षाचे कित्येक महिने जेथें सूर्य लाजत लाजत डोकावतो, तेथील माणसाला एवढ्या पिवळ्या-तांबड्याची भूक कां असावी हें तेथें उभें राहिल्यावर कळतें.

दुसऱ्या दिवशीं टकोमास गेलों. हें चिहूलींचें जन्मगांव. सिॲटलच्या दक्षिणेस तीस-बत्तीस मैलांवर. १८७३ सालीं नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनें आपल्या मार्गाचें पश्चिमेकडील शेवटचें टोंक म्हणून हें बंदर निवडलें, आणि तेव्हांपासून लांकडाच्या वखारी, कागदाचे कारखाने व धातु गाळण्याच्या भट्ट्या ह्यांचें हें गांव झालें. आभाळ निवळलें तर आग्नेयेस रेनियर पर्वताचें १४,४१० फूट उंचीचें हिमाच्छादित शिखर दिसतें. पण एके काळीं ह्या गांवाची ख्याति पर्वतापेक्षां कारखान्यांच्या दुर्गंधीबद्दल अधिक होती, आणि गांवांतून जाणारी थीया फॉस नांवाची खाडी इतकी विटाळलेली कीं तिची सफाई सरकारला हातीं घ्यावी लागली.

ह्या कामकऱ्यांच्या गांवांत २० सप्टेंबर १९४१ रोजीं चिहूलींचा जन्म झाला. वडील खाटकाच्या धंद्यांत असून कामगार संघटनेचें काम करीत. मोठा भाऊ जॉर्ज आरमाराच्या विमानदळांत उमेदवारी करीत असतां १९५७ सालीं अपघातानें वारला, आणि पुढल्याच वर्षीं वडील हृदयविकारानें गेले. आई व्हायोला एकटी राहिली. तिनें एका पानगृहांत वाढपीण म्हणून नोकरी धरली. मुलाचें अभ्यासांत लक्ष नव्हतें. तरीहि तिनें मागें लागून त्याला कॉलेजांत घातलें. घरामागें तिनें बाग मात्र अशी फुलविली होती कीं पुढें रंगांविषयीं कोणीं विचारलें म्हणजे चिहूली त्या बागेकडे बोट दाखवीत. ही माउली पुढें मुलाच्या कामावर आपलें मत देण्यासहि कचरत नसे. १९८१ सालीं त्यांनीं, भट्टीपाशीं असलेले तीनशेंहि रंग वापरावयाचे अशा ईर्ष्येनें, ठिपक्याठिपक्यांचीं प्रचंड पात्रें करावयास घेतलीं. इटालो स्कांगा नांवाच्या इटालियन मित्रानें त्यांना ‘माक्या’, म्हणजे डाग, असें नांव सुचविलें. आईनें त्यांचें नांव ठेविलें ‘कुरूप मंडळी’! आतां तीं पात्रें मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

कांचेशीं गांठ पडली ती सिॲटलच्या विद्यापीठांत. विषय गृहसजावटीचा, मध्यें शिक्षण सोडून युरोप आणि इस्रायलच्या निगेव्ह वाळवंटांतील शेतकी वसाहत अशी भटकंती झाली, परत आल्यावर विणकामाच्या वर्गांत त्यांनीं कापडांत कांचेचे तुकडे गुंफून पाहिले. १९६५ सालीं एके रात्रीं तळघरांत रंगीत कांच वितळवून एका लोखंडी नळीनें त्यांनीं फुंकर घातली, आणि फुगा तयार झाला. त्यानंतर दुसरें कांहींच करावेंसें वाटेना. अलास्कांत मासेमारीच्या होडीवर राबून त्यांनीं पैसे मिळविले आणि हार्वे लिटलटन ह्यांच्याकडे विस्कॉन्सिन विद्यापीठांत शिकावयास गेले. तोंवर अमेरिकेंत कांच ही कारखान्याची बाब होती. कलावंतानें स्वतः भट्टीपाशीं उभें राहावें हा विचार लिटलटन ह्यांनीं नुकताच रुजविला होता. १९६८ सालीं शिष्यवृत्ति मिळून चिहूली व्हेनिसजवळील मुरानो बेटावर व्हेनिनी ह्यांच्या कारखान्यांत गेले. तेथें त्यांनीं जें पाहिलें त्याविषयीं पुढें सांगूं.

टकोमाचें कांचसंग्रहालय त्याच खाडीच्या कांठीं आहे. तें २००२ सालीं उघडलें. वास्तुकार कॅनडाचे आर्थर एरिक्सन. इमारतीचा मुख्य भाग म्हणजे नव्वद फूट उंचीचा, एका बाजूस कललेला, पोलादी पत्र्याचा शंकु. पूर्वीं इकडच्या लांकडाच्या गिरण्यांतून भुसा जाळण्याच्या अशाच शंकूच्या आकाराच्या भट्ट्या असत, त्यांचें हें स्मरण. शंकूच्या पोटांत खरोखरची भट्टी आहे आणि तिच्या समोर नाटकगृहासारख्या चढत्या बैठका. चिहूलींचे लोक येथें काम करीत नाहींत. संग्रहालयाचे स्वतःचे कारागीर आणि पाहुणे कलावंत येथें कामाला उभे राहतात, आणि एक जण ध्वनिक्षेपकावरून काय चाललें आहे तें समजावून सांगतो.

आम्ही येथें अडीच तास बसलों. वाळू, सोडा आणि चुना ह्यांचें मिश्रण भट्टींत सुमारें ११५० अंश सेंटिग्रेडवर पाकासारखें झालेलें असतें. कारागीर पांच फुटी पोकळ नळीचें टोंक त्यांत बुडवून, काकवी काठीवर गुंडाळावी तसा पाक गुंडाळून घेतो. मग तो गोळा पोलादी पाटावर लाटावयाचा, रंगाच्या चुऱ्यांत घोळावयाचा, पाण्यांत भिजविलेल्या लांकडी पळीनें गोल करावयाचा; आणि नळी क्षणभरहि फिरावयाची थांबली तर गोळा आपल्या भारानें खालीं ओघळावयाचा. हातांत धरावयास फडकें चालत नाहीं. वर्तमानपत्राच्या घड्या पाण्यानें चिंब करून तळहातावर ठेवतात आणि त्यावर तो लाल गोळा फिरवितात. वाफ निघते, कागद करपतो, पण हात भाजत नाहीं. थंड होऊं लागला कीं दुसऱ्या उघड्या तोंडाच्या भट्टींत घालून पुन्हां मऊ करावयाचा. असें दहा-वीस वेळां. फुंकणारा एक, फिरविणारा दुसरा, दार उघडणारा तिसरा, आणि मुख्य कारागीर बांकावर बसून चिमट्यानें गळा आवळणारा. बोलणें फारसें नाहीं. बोटाची खूण झाली कीं पुढचा मनुष्य हललेलाच असावयाचा.

एक परात-वजा मोठें पात्र जवळजवळ पुरें होत आलें होतें. तें फुंकनळीवरून काढून दुसऱ्या भरीव सळईवर घेण्याचा क्षण आला. मुख्य कारागिरानें नळीवर हलकेंच टिचकी मारली आणि पात्र सुटलें. पण सळईची पकड बसली नव्हती. फरशीवर तें नारळासारखें फुटलें. बैठकांतून एकच सुस्कारा निघाला. आमच्या शेजारीं बसलेली भाच्याची धाकटी मुलगी तर उभीच राहिली. कारागिरानें एकवार खालीं पाहिलें, मान हलविली, एका मुलीनें फावड्यानें तुकडे गोळा केले, आणि दुसऱ्यानें नवी नळी भट्टींत बुडविली. जें पात्र साधतें त्यासहि लगेच बाहेरची हवा सोसत नाहीं. सुमारें ५०० अंशांच्या पेटींत ठेवून तें तासन् तास, मोठें असल्यास कित्येक दिवस, हळू हळू निववावें लागतें. नाहींतर आंतल्या ताणानें तें आपोआप तडकतें.

हें सारें पाहिल्यावर चिहूलींच्या आयुष्यांतील पुढची हकीकत अधिक बोंचते. १९७१ सालीं त्यांनीं जॉन व ॲन हॉबर्ग ह्या दांपत्याच्या साह्यानें सिॲटलच्या उत्तरेस पन्नास मैलांवर, हॉबर्ग ह्यांच्या झाडीच्या मालकी जागेंत, पिलचक नांवाची कांचशाळा काढली. विद्यार्थी तंबूंत राहिले, पाऊस कोसळत होता, आणि त्यांतच भट्टी पेटली. एखाद्या ऋषीच्या आश्रमासारखा हा आरंभ, आणि आतां त्या शाळेंत देशोदेशींचे लोक शिकावयास येतात. १९७६ सालीं इंग्लंडमध्यें मोटारीच्या अपघातांत चिहूली समोरची कांच फोडून बाहेर फेंकले गेले. चेहऱ्याला अडीचशेंवर टांके पडले आणि डावा डोळा कायमचा गेला. ज्या पदार्थावर प्रेम केलें त्यानेंच डोळा घ्यावा, ह्याला काय म्हणावें! एका डोळ्यानें खोली-अंतराचा अंदाज येत नाहीं. तरीहि ते कांच फुंकीत राहिले. १९७९ सालीं समुद्राच्या लाटांत खेळतांना खांदा निखळला, आणि मग ती जड नळी धरणें कायमचें सुटलें.

येथून पुढें चाळीसांवर वर्षें त्यांच्या नांवावर जें काम झालें तें दुसऱ्यांच्या हातांनीं. ते मोठ्या कागदांवर भराभर रंग ओतून चित्रें काढीत, भट्टीपाशीं उभे राहून सूचना देत, आणि कारागीर तें कांचेंत उतरवीत. समुद्रांतील जीवांसारखे लाटेचे आकार, एकांत एक बसविलेलीं ‘पर्शियन’ तबकें, चाळीस इंचांपर्यंत व्यासाचे ‘नीजिमा’ गोळे आणि शेंकडों तुकड्यांचीं झुंबरें, हें सर्व त्यानंतरचें. १९९६ सालीं फिनलंड, आयर्लंड, मेक्सिको येथील कारखान्यांतून तेथल्याच कारागिरांबरोबर केलेलीं चौदा झुंबरें त्यांनीं व्हेनिसच्या कालव्यांवर व चौकांत टांगलीं. १९९९ सालीं जेरुसलेमच्या जुन्या किल्ल्यांत मांडलेलें प्रदर्शन दहा लाखांवर लोकांनीं पाहिलें. लास व्हेगासच्या एका आलिशान हॉटेलच्या छताला १९९८ पासून त्यांचीं दोन हजारांवर फुलें लटकत आहेत. तीं पाहावयास जाण्याची आम्हांला इच्छा झाली नाहीं.

“आजोबा, ते स्वतः करीत नाहींत, मग नांव त्यांचें कां?” असा प्रश्न त्या मुलीनें पुलावर चालतां चालतां विचारला, आणि परत येईपर्यंत घरांत त्यावरून दोन तट पडले.

भाच्याचें म्हणणें असें कीं ह्यांत गैर कांहीं नाहीं. मुरानो बेटावर तरी काय चालतें? १२९१ सालीं आगीच्या भयानें व्हेनिसच्या सरकारनें सारे कांचकार त्या बेटावर नेले, आणि तेव्हांपासून तेथें एका उस्तादाभोवतीं चार-पांच जणांचा जथा काम करतो. चिहूलींनीं १९६८ सालीं व्हेनिनींकडे पाहिलें तें हेंच, आणि एकट्यानें काम करण्याची अमेरिकन हौस सोडून त्यांनीं जथ्याची रीत आपल्या देशांत आणली. वेरूळचें कैलास ज्या स्थपतीनें योजिलें त्यानें प्रत्येक टांकी स्वतः थोडीच मारली? ह्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं जें उत्तर दिलें तें आम्हांला बिनतोड वाटलें. त्या म्हणाल्या, “वेरूळला स्थपतीचेंहि नांव नाहीं आणि पाथरवटाचेंहि नाहीं. येथें एकाचें आहे आणि बाकीच्यांचें नाहीं. नसेल तर कोणाचेंच नसावें.”

हा वाद केवळ आमच्या घरचा नाहीं. २०१७ सालीं एका जुन्या सहकाऱ्यानें, आपण चित्रांच्या निर्मितींत भाग घेतला होता असें म्हणून कर्तृत्वाचा वांटा मागणारा दावा लाविला. २०१९ सालीं न्यायालयानें तो फेटाळला. त्याच सुमारास चिहूली व त्यांच्या पत्नी ह्यांनीं एक गोष्ट जगजाहीर केली: उन्माद व विषाद ह्यांच्या फेऱ्यांत सांपडविणाऱ्या मनोविकारानें त्यांना कित्येक वर्षें ग्रासलें होतें. आपल्या समाजांत असा आजार अजूनहि दाराआड ठेवतात. त्या उघडपणाबद्दल आम्हांला त्यांच्याविषयीं आदर वाटला. कांचेपेक्षां थोडा अधिकच म्हटला तरी चालेल.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर तें दोन्ही पक्षांच्या मध्यें कोठेंतरी आहे. कायद्यानें नांव एकाचें ठरलें म्हणून दुसऱ्याचा हात पुसला जात नाहीं. पिलचकमध्यें १९७९ सालीं मुरानोचे लीनो तालियापिएत्रा हे थोर उस्ताद शिकवावयास आले. बेटाची विद्या परक्यांस दिली म्हणून त्यांच्या गांवच्या लोकांनीं त्यांना दोष दिला. पण त्यांच्या हातून शिकलेल्या मुलांनीं ह्या किनाऱ्यावर पन्नास भट्ट्या पेटविल्या असतील. १९८८ सालीं चिहूलींच्या ‘व्हेनिशियन’ मालिकेच्या आरंभीं बांकावर तेच बसले होते. तीं फुलदाणीवजा पात्रें पाहतांना एकाची हौस आणि दुसऱ्याचा हात अगदीं वेगवेगळे दिसतात, आणि तीं चांगलीं उतरलीं आहेत तीं त्या ओढाताणीमुळेंच. जेथें अशी ओढाताण नाहीं, नुसती आज्ञा आणि नुसती पुनरावृत्ति आहे, तेथें काम कारखानी झालें आहे. आणि तसेंहि पुष्कळ आहे.

टोपल्यांची गोष्ट राहिलीच. १९७७ सालीं टकोमांतील इतिहास संस्थेच्या कोठारांत चिहूलींनीं तेथील मूळ रहिवाशांनीं विणलेल्या जुन्या टोपल्या पाहिल्या. एकींत एक ठेवल्यानें आणि स्वतःच्या भारानें त्या वांकल्या-दबल्या होत्या. कांचेंत हें साधावें म्हणून त्यांनीं पातळ पात्रें करून तीं मऊ असतांनाच आगींत ओघळूं दिलीं. आजवर कांचकार ज्या ओघळण्याशीं झगडत आला त्यालाच त्यांनीं कामाला लाविलें. रंग फिकट, तांबूस-तपकिरी, आकार वांकडे. ह्या टोपल्या त्यांनीं खांदा शाबूत असतांना केल्या. आम्हांला त्यांच्या साऱ्या कामांत ह्याच अधिक आवडल्या.

ज्या पुलावर तो प्रश्न निघाला तो २००२ सालीं बांधलेला पांचशें फुटी ‘कांचपूल’ संग्रहालयाला गांवाशीं जोडतो. खालून मोटारींचा राजरस्ता वाहतो. मध्यावर चाळीस फूट उंचीचे दोन निळे मनोरे आहेत. ते स्फटिकासारखे दिसतात, पण हात लावून पाहिल्यावर संशय आला, आणि चौकशी करतां कळलें कीं ते कांचेचे नसून ऊन-वारा सोसणाऱ्या एका प्लॅस्टिकचे आहेत! पुढें एका भिंतींत १०९ पात्रें खणाखणांतून मांडलीं आहेत, दसऱ्याच्या दिवशीं कपाट उघडून ठेवल्यासारखीं. पलीकडच्या टोंकाशीं १९११ सालचें घुमटाचें जुनें रेल्वेस्थानक आहे. आगगाड्या केव्हांच बंद झाल्या. आतां तेथें न्यायालय भरतें आणि घुमटाखालीं चिहूलींचें निळें झुंबर लोंबतें. ओळखपत्र दाखवून, पिशवी तपासूं देऊन कोणासहि आंत जातां येतें.

परत फिरतांना पुलावरील छताखालीं थांबलों. येथें माथ्यावरच्या कांचेवर २,३६४ आकार रचले आहेत. दिवे लाविलेले नव्हते. प्रकाश काय तो आभाळाचा. ढग आला कीं सारे रंग मालवत, आणि ढग सरकला कीं सौ.च्या पांढऱ्या शालीवर पिवळा डाग उमटे. ती मुलगी तो डाग हातानें पकडूं पाहत होती. खालीं रस्त्यावर भाच्याच्या मोटारीचा भोंगा दुसऱ्यांदा वाजला, तेव्हां आम्ही जिना उतरावयास लागलों.